पाय मुरगळला तर चोळू नका

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. त्या दिवशी ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून इथे छापत आहोत.)

जरा पुढे सरकून बसा, मागच्या बायका उन्हात आहेत.

दर महिन्याला मी आले की बचत, परतफेड, हप्ता, वही हेच बोलते. आज घोट्यावर बोलणार आहे. हसा, पण आधी एक सांगा. आयुष्यात ज्यांचा पाय एकदाही मुरगळला नाही त्यांनी हात वर करा. बघा, एवढ्या बायकांत दोनच हात. आणि त्यातली एक तर मागच्याच महिन्यात लग्न होऊन आपल्या गावात आलीय, तिनं अजून आपला ओढ्याकडचा रस्ता बघितलेला नाही.

कुणी मुरगळला म्हणतं, कुणी लचकला म्हणतं, कुणी म्हणतं पाय वळला. दुखणं एकच. पण आपल्याकडे त्याला दुखणं म्हणून कुणी मोजतच नाही. ताप आला तर बाई एक दिवस तरी गोधडी घेऊन पडते. पाय मुरगळला तर “होईल दोन दिवसांत” म्हणत लंगडत लंगडत म्हशीची धार काढते. हा विषय मी का घेतला ते आधी सांगते, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे.

मागच्या वर्षी पोळा होऊन आठवडा झाला असेल. दुसऱ्या एका गावात गटाची बैठक होती, दुपारी दोनची. एक काकू सव्वादोनला आल्या, दोघींच्या खांद्यावर हात टाकून, एक पाय उचलून. आदल्या संध्याकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येताना पाय घसरला होता. आम्ही काय केलं? नियमाप्रमाणे उशिराचा दहा रुपये दंड घेतला, वहीत लिहिला. मग मी माझ्या पिशवीतून मलमाची डबी काढली आणि म्हणाले, “काकू, हे दाबून चोळा, रात्री गरम विटेनं शेका, उद्यापर्यंत पाय मोकळा होईल.” शिकलेली मुलगी सांगतेय म्हटल्यावर काकूंनी ऐकलं.

नऊ दिवस त्या पाय चोळून घेत होत्या. शेजारची म्हातारी रोज संध्याकाळी तेल लावून द्यायची, त्या दात ओठ खाऊन सहन करायच्या. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. दहाव्या दिवशी मुलानं ग्रामीण रुग्णालयात नेलं. एक्स-रे काढला तर घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाड मोडलेलं. दीड महिना प्लास्टर. सोयाबीनची काढणी हातची गेली आणि शेळीच्या कर्जाचे दोन हप्ते थकले. त्या थकलेल्या हप्त्यांची चौकशी करायलाही मीच गेले होते.

एक पाय उचलून आलेली बाई मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. त्यात काय बघायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी आरोग्य केंद्रात जाऊन विचारलं, वाचलं, आणि मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरांकडून पट्टी बांधायला शिकले. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. जे सांगते आहे ते घरात आणि शेतात पहिल्या काही दिवसांत काय करायचं, आणि दवाखान्यात कधी जायचंच, एवढ्यापुरतं आहे.

आधी आत काय होतं ते बघू. आपण म्हणतो शीर सरकली, शीर चढली, ती बसवून घ्यायची. शीर सरकत नाही. घोट्याला दोन्ही बाजूंनी जी दोन हाडं वर आलेली लागतात ना, हात लावून बघा, हं, आतलं आणि बाहेरचं. ही हाडं पायाच्या पंजाला चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. खाटेची नवार असते तसं समजा. हाडं म्हणजे खाटेच्या लाकडी पट्ट्या आणि अस्थिबंध म्हणजे त्यांना ओढून धरणारी नवार. बाहेरच्या बाजूला अशा तीन पट्ट्या आहेत. आतल्या बाजूची पट्टी रुंद आणि दणकट असते. म्हणून पाय बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळतो, तळवा आत फिरतो, आणि बाहेरची पट्टी ताणली जाते. त्यातही सगळ्यांत पुढची आधी जाते. तुम्ही आठवून बघा, दुखतं ते बाहेरच्या हाडाच्या थोडं पुढे आणि खाली.

पट्टी नुसती ताणली गेली तर एक ते तीन आठवड्यांत काम भागतं. अर्धवट तुटली तर तीन ते सहा आठवडे धरा. पूर्ण तुटली तर काही महिने. “दोन दिवसांत होईल” यातलं कशातच बसत नाही. दोन दिवसांत सूज थोडी उतरते, त्यालाच आपण बरं झालं म्हणतो आणि डोक्यावर हंडा घेतो.

आता चोळायचं का नाही ते कळेल. पट्टी फाटते तेव्हा आत बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. रक्त आणि पाणी साचतं, ती सूज. त्यावर लगेच गरम शेक दिला की रक्त आणखी येतं, सूज वाढते. दाबून चोळलं की फाटलेले धागे आणखी फाटतात. आणि काकूंसारखं हाडच मोडलेलं असलं तर मोडलेलं हाड आपण हातानं हलवत बसतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही, पाय ओढून ‘कट्’ वाजवून घेणं तर नाहीच. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मी त्यावर हसणार नाही. पण मुरगळलेल्या घोट्यावर पायाळू असो नाहीतर कुणीही असो, पाय ठेवू देऊ नका.

आजी, तुम्ही विचारताय आंबेहळदीचं. लेप लावायचाच असेल तर कातडी फुटलेली नाही ना ते बघा आणि गार लेप नुसता वरून लावा, चोळू नका. पण त्या लेपावर ना बर्फ लावता येतो ना पट्टी नीट बसते, म्हणून पहिल्या दोन दिवसांत मी तरी तो टाळा म्हणेन.

मग करायचं काय?

पाय मुरगळला की तिथेच बसा. डोक्यावरचं ओझं खाली टाका. हंडा फुटला तर फुटू दे. एक बाई मला म्हणाली, मी पडले पण हंडा सांभाळला. तिचं कौतुक सगळ्या गावानं केलं. मला ते ऐकून वाईट वाटलं, कारण हंडा सांभाळायला म्हणून तिनं सगळा भार त्या वळलेल्या पायावर घेतला होता.

पुढची गोष्ट जरा नाजूक आहे. पायातली जोडवी आणि पैंजण काढा, लगेच, सूज यायच्या आत. सूज खाली बोटांपर्यंत उतरते. जोडवं बोटात रुतलं की बोटाचं रक्त अडतं, आणि मग ते दवाखान्यात कापूनच काढावं लागतं. मला माहीत आहे, नवरा असताना जोडवी काढायची नाहीत असं आपण मानतो. एका गटात मी हे सांगितलं तेव्हा एक ताई उठून निघूनच गेली. तिला मी नंतर भेटले. तिच्या सासूबाईंनीच वाट काढली. त्या म्हणाल्या, जोडवी मंगळसूत्रात ओवून गळ्यात घाल, अंगावरच राहतात की. मला हे सुचलं नसतं. साबणाच्या पाण्यानं किंवा खोबरेल तेल लावून जोडवं हलक्या हातानं फिरवत काढा. निघत नसेल तर ओढाताण करू नका, उपकेंद्रात जा.

नंतर गारवा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, दोन-तीन तासांनी पुन्हा, पहिले दोन दिवस. बर्फ उघडा कातडीला लावायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते. शेतात कुठून बर्फ आणणार, हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. दुकानात पोरं चोखतात त्या पेप्सीच्या कांड्या मिळतात ना, चार कांड्या रुमालात गुंडाळा, घोट्याच्या आकाराला छान बसतात. तेही नसेल तर माठातल्या पाण्यात सुती फडकं भिजवून ठेवा आणि कोमट झालं की बदला.

इथे एक खरं सांगून टाकते. बर्फाबद्दल डॉक्टरांचं एकमत नाही. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय वर ठेवणं हा चार गोष्टींचा उपाय १९७८ साली गेब मिर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सांगितला आणि तो जगभर गेला. पुढे त्यांनीच म्हटलं की बर्फ आणि एकदम पडून राहणं यानं जखम भरायला उशीरही लागू शकतो. मी यातून एवढं घेतलं की बर्फानं ठणका कमी होतो, तेवढ्यासाठी तो लावायचा. बर्फ मिळाला नाही म्हणून काही बिघडत नाही. पाय वर ठेवला नाही तर मात्र सूज उतरायला वेळ लागतो.

पाय वर म्हणजे किती वर? खुर्चीत बसून पाय स्टुलावर, एवढ्यानं पुरत नाही. आडवं पडायचं आणि पायाखाली दोन गोधड्यांची घडी ठेवायची, घोटा छातीपेक्षा उंच यायला हवा. घरातली कामं बसून करता येतात म्हणून बाई भाकरी थापायला खाली बसते, पाय दुमडून. त्या बसण्यानं पाय खाली लोंबतो तरी नाहीतर अंगाखाली दबतो तरी. पहिले दोन दिवस तेही नको.

पट्टी. मेडिकलमध्ये क्रेप बँडेज मिळतं, दहा सेंटिमीटर रुंदीचं घ्या. ते धुऊन पुन्हा वापरता येतं, म्हणजे गटात एक ठेवलं तरी सगळ्यांच्या कामाला येतं. बांधायला सुरुवात बोटांच्या मुळापासून करायची आणि वर जायचं. वरून खाली बांधलं तर सूज बोटांकडे ढकलली जाते. पावलावरून एक फेरा, घोट्यामागून दुसरा, पुन्हा पावलाखालून, असा मराठी चारच्या आकड्यासारखा आडवा-तिडवा वेढा देत जायचं. बोटं उघडी ठेवायची, कारण आपल्याला त्यांच्याकडेच बघायचं आहे. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबा. पांढरं होईल. सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. होत नसेल, बोटं गार पडली असतील, मुंग्या येत असतील तर पट्टी आवळली आहे, सोडा आणि सैल बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा. क्रेप नसेल तर जुन्या सुती साडीची हातभर नव्हे, चांगली दोन-तीन वार लांब पट्टी फाडून घ्या. फक्त साडीला ताण नसतो, म्हणून ती सैलसरच बांधा.

आता काकूंच्या पायाकडे वळते. हाड मोडलंय की नुसती पट्टी ताणलीय हे बाहेरून कसं ओळखायचं? सूज बघून कळत नाही. नुसत्या मुरगळण्यानंही पाय काळानिळा होतो आणि तिसऱ्या दिवशी ते निळं टाचेपर्यंत उतरतं, त्याला घाबरायचं कारण नाही. “हाड मोडलं असतं तर बोटं हलली असती का” असं म्हणतात, तेही खरं नाही. मोडलेल्या घोट्यानंही बोटं हलतात.

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक साधी रीत मांडली. एक्स-रे कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही हे ठरवायला आज डॉक्टर ती वापरतात. आपण ती दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवायला वापरू.

पहिली गोष्ट, चार पावलं. पाय मुरगळल्यावर लगेच आणि नंतरही बाईला आधाराशिवाय चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील, पण दुखऱ्या पायावर भार घेऊन. चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायलाच हवा.

दुसरी गोष्ट, बोटानं दाबून बघायचं. सुजेवर नव्हे, हाडावर. घोट्याच्या दोन्ही हाडांची खालची टोकं आणि तिथून वर मागच्या कडेनं सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या मधोमध एक उंचवटा लागतो, तो. आणि पावलाच्या आतल्या बाजूला, जिथे कमान सुरू होते तिथलं हाड. यातल्या कुठल्याही ठिकाणी हाडावर दाबलं की बाई कळवळली, तर दवाखाना.

काकू दोघींच्या खांद्यावर आल्या होत्या. चार पावलं सोडा, एकही टाकता येत नव्हतं. आम्ही तेवढं बघितलं असतं तर पुढचे नऊ दिवस वाचले असते.

काही जणींना ही रीत लावत बसायचंच नाही, सरळ दाखवायचं. लहान मुलं, कारण त्यांची हाडं वाढीची असतात. गरोदर बाई. आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्या, कारण बऱ्याच वर्षांच्या साखरेनं पायाची जाणीव कमी होते, हाड मोडूनही दुखत नाही. पाय वेडावाकडा दिसत असेल, जखम होऊन हाड दिसत असेल, बोटं बधिर किंवा निळी पडली असतील तर मिनिटभरही थांबू नका. १०८ ला फोन करा. तोपर्यंत पाय आहे तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी फळीचा किंवा घडी घातलेल्या गोधडीचा आधार द्या.

एक्स-रे प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा होत नाही, ग्रामीण रुग्णालयात जावं लागतं. पैशांची भीती घालू नका कुणाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जायच्या-यायच्या भाड्याला अडत असेल तर गटातून अंतर्गत कर्ज द्या, फारच अडचणीतलं घर असेल तर ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आहे. तो अशाच वेळेसाठी आहे, पासबुकात शोभेला नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल चालते, आशाताईंना विचारून घ्या. दुसऱ्या कुठल्याही दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत, मुख्य म्हणजे गरोदर असाल, पोटात अल्सर असेल, बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. आणि सुईचं एक ध्यानात ठेवा. दुखण्याची सुई मारून घेतली की दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाही, म्हणून बाई निंदणीला जाते. सुईनं दुखणं झाकलं जातं, फाटलेली पट्टी शिवली जात नाही. मजुरी बुडू नये म्हणून सुई घेऊन गेलेल्या आणि मग महिनाभर बसून राहिलेल्या बायका याच सभेत आहेत. नाव घेत नाही, त्या हसतायत.

आता सगळ्यांत अवघड भाग. मी म्हणते दोन-तीन दिवस पाय वर ठेवून पडा. तुम्ही मनात म्हणता, ही पोरगी बिनलग्नाची आहे, हिला काय कळतंय. बरोबर आहे तुमचं. पाणी कोण आणणार, धार कोण काढणार, चुलीपुढे कोण बसणार? मी ज्या काकूंचं सांगितलं त्यांना मी नंतर विचारलं, नऊ दिवसांत तुम्ही एकदा तरी आडव्या पडलात का? त्या म्हणाल्या, “पडले की, रात्री.”

यावर त्यांच्याच गटानं नंतर जे केलं ते सांगते. आपल्या भागात सावड असते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. खुरपणीला, काढणीला आपण एकमेकींच्या सावडीनं जातो, त्याचा हिशोब तोंडी असतो आणि कुणी बुडवत नाही. त्या गटात बैठकीत बोलणं निघालं की शेतातल्या कामाला सावड चालते तर घरातल्या कामाला का नको. बरीच वादावादी झाली. एकजण म्हणाली, दुसरीच्या चुलीपुढे मी का बसू, तिची सासू मला नावं ठेवील. एकजण म्हणाली, खोटं लंगडून कुणी फायदा घेतला तर? शेवटी ठरलं ते असं. गटातल्या बाईचा पाय, हात, कंबर दुखावली तर पहिले तीन दिवस पाणी आणि जनावरं शेजारच्या दोन सदस्यांनी बघायची. चूल घरच्यांनी बघायची, त्यात गट पडणार नाही. त्या दिवसांत बैठकीला गैरहजर राहिली किंवा उशिरा आली तर दंड नाही, बचत घरी जाऊन घ्यायची. तसा ठराव वहीत लिहिला आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. काकूंचे दहा रुपयेही परत दिले. त्या घेत नव्हत्या, अध्यक्षांनी पदराला बांधले.

चूल घरच्यांनी बघायची, यावर एका घरी नवऱ्यानं तीन दिवस फक्त खिचडीच केली. पण केली. आणि गावात चार पुरुषांत तो स्वतःच सांगत फिरला.

दशसूत्रीत आपण आरोग्य घेतलं आहे. दर बैठकीत त्या रकान्यात “चर्चा केली” एवढं लिहितो. तिथे लिहायला हा एक ठराव तुम्हालाही करता येईल. जसाच्या तसा नका उचलू, तुमच्या वस्तीत पाणी कुठून येतं आणि कोण कुणाच्या शेजारी राहतं ते बघून ठरवा.

तीन दिवसांनंतर काय? तेव्हा उलट चूक होते. पाय जपायचा म्हणून बाई पंधरा दिवस हलवतच नाही आणि घोटा आखडून बसतो. हाड मोडलेलं नसेल तर दोन-तीन दिवसांनी हालचाल सुरू करायची. पहिल्यांदा आडवं पडूनच पंजा वर-खाली. मग पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी काढायची. क, का, कि, की. रोज दोनदा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रांगोळीची वेल काढा, मुद्दा घोटा सगळीकडे फिरण्याचा आहे. हलकं दुखेल, ते चालतं. कळ येत असेल तर थांबा. चालायला लागताना दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी धरा. काठी म्हातारपणाची नसते, आठवडाभराची असते. शौचालयात उकिडवं बसणं या दिवसांत फार जड जातं. समोर भिंतीला किंवा कडीला दोर बांधा, धरून उठता-बसता येतं. नाहीतर मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवा.

भार घेता यायला लागला की भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, दहा वेळा. आणि मग सगळ्यांत कामाचा व्यायाम, एका पायावर उभं राहणं. पाय मुरगळतो तेव्हा पट्टीबरोबर पायाचं भानही जातं. खड्डा आला, दगड आला हे डोळ्यांआधी घोट्याला कळत असतं आणि तो स्वतःला सावरतो. ते सावरणं मंद होतं. म्हणूनच ज्या पायानं एकदा मुरगळून घेतलं तोच पुन्हा पुन्हा मुरगळतो, आणि आपण म्हणतो माझा हा पाय हलकाच आहे. तो हलका नसतो, अर्धवट बरा झालेला असतो. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं राहा. जमायला लागलं की हात सोडा. त्याहून जमलं की डोळे मिटा, पण जवळ धरायला काहीतरी असू द्या. दीड-दोन महिने रोज करा.

रानात परत कधी जायचं? माझी परीक्षा सोपी आहे, तुम्ही सगळ्या ती लहानपणी खेळला आहात. अंगणात दुखऱ्या पायावर लंगडी घाला, दहा उड्या. न दुखता, न डगमगता जमली तर भारा उचला. नाही जमली तर अजून हलकीच कामं. दीड महिन्यानंतरही पाय डगमगत असेल, सूज उतरतच नसेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. पट्टी पूर्ण तुटलेली असू शकते.

चपलेचं राहिलंच. टाचेकडे झिजून एका बाजूला कललेली स्लिपर घालून चिखलात बांधावरून चालणं म्हणजे पाय मुरगळायला आमंत्रण. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. पावसाळ्यात गमबूट परवडले तर उत्तम, विंचू-सापापासूनही वाचवतात. पुरुषांसाठी आणले जातात आणि कोपऱ्यात पडून असतात, तेच घाला, मोठे होत असतील तर मोजे घालून.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं जुन्या सुती साडीची एक पट्टी आणायची, वीतभर नको, चार बोटं रुंद आणि दोन वार तरी लांब. मी दोन क्रेप बँडेज आणते. एकमेकींच्या पायाला बांधून बघू, नख दाबून बघू, आणि ज्यांची जोडवी घट्ट झाली आहेत त्यांनी साबणाची वडीही आणा. काकूही येणार आहेत. चार पावलं कशी बघायची ते त्याच दाखवतील.